कोणती कड पुसायची

२ फेब्रुवारी

बेडके,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. इतका राग मनात ठेवून प्रिय लिहिणं म्हणजे शुद्ध ढोंग.

पत्र अशासाठी की फोनवर आपलं 'कशी आहेस'च्या पुढे गाडं गेलं की भांडण होतं. तू फोन ठेवून देतेस आणि उरलेलं भांडण मी ओट्यापाशी उभा राहून एकटाच पूर्ण करतो. पत्ता आईनं दिला. तिला काही बोलू नकोस. दर रविवारी ती बाथरूमचा नळ सोडून तुझ्याशी बोलते आणि तिला वाटतं, मला फक्त नळच ऐकू येतो. मी सरळ म्हटलं, "आई, बेडकीचा पत्ता दे." ती म्हणाली, "मला काय माहीत तिचा पत्ता?" आणि चष्मा लावून पत्ता सांगायला लागली.

तर बातमी अशी. इथे नवीन क्रीडासंकुल बांधलंय. आतल्या मोठ्या हॉलची एक अख्खी लांब भिंत मला मिळाली आहे. पाच खेळाडू काढायचे, माणसापेक्षा मोठे, सगळं काळ्या-पांढऱ्यात, आणि पाचही बाबांच्या फोटोंवरून. ज्या माणसानं आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी मैदानाच्या कडेला गुडघे झिजवले, त्याचं काम शेवटी भिंतीवर चढणार. एक धावणारा, एक कुस्तीगीर, एक काठावर उभा पोहणारा, एक चेंडू फेकणारी. आणि मधोमध तू.

कोणता फोटो ते सांगायला नकोच. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर तो इतकी वर्षं आहे. तुझी लांब उडी. अंगाखाली नुसती हवा, हात पसरलेले, आणि चेहरा वळवून थेट कॅमेऱ्याकडे बघत हसतेयस. घरी येणारा प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेऊन त्याच्याखाली थांबायचा आणि म्हणायचा, "वा! उडतेय बघा कशी!" बाबांना त्याच फोटोसाठी बक्षीस मिळालं. सरावात तुझा गुडघा गेला नसता तर आणखी कितीतरी फोटो असते, असं मी लोकांना सांगतो.

परवानगी मागत नाहीये. फक्त कानावर घालतोय. बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस, दोन ओळी लिहिल्या नाहीस. निदान त्यांच्या भिंतीवर तरी रुसू नकोस.

दादा

९ फेब्रुवारी

बेडके,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. तरी रोज खाली जाऊन पत्रपेटी उघडतो, आणि विजेच्या बिलाला शिव्या घालून वर येतो.

धावणारा झाला. कुस्तीगीर झाला. पोहणाऱ्याचा एक खांदा बाकी आहे. तू मात्र होत नाहीयेस. लहानपणी वेणी घालताना जशी आईला छळायचीस तशी आता मला छळतेयस.

माझी पद्धत सांगतो, म्हणजे कळेल की घोळ कुठे आहे. फोटोवर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन खडूनं आखायचे, आणि फोटो उलटा टांगायचा. पाय वर, डोकं खाली. उलटा टांगला की डोळा नाक-कान बघत नाही. फक्त काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं तेवढंच बघतो. करडा रंग मी वापरत नाही, त्याचा डबासुद्धा परांचीवर चढू देत नाही. माणूस एकतर उजेडात किंवा सावलीत. इथवर सगळं कुणालाही जमेल.

पण एवढ्यानं माणूस हलत नाही, पुतळा होतो. तो हलायला लागतो तो कडेमुळे. ज्या दिशेला शरीर चाललंय तिकडची कड सुरीसारखी धारदार ठेवायची. मागे राहिलेली कड रंग ओला असतानाच ओल्या फडक्यानं ओढून पुसायची. धावणाऱ्याची पाठ पुसली आणि गडी निघाला पळत. इलेक्ट्रिशियन शिडीवरून म्हणाला, "साहेब, हा तर बाहेर पडणार."

तुझी मी खालची कड पुसली. उडी वर चढतेय, म्हणजे खालची बाजू मागे राहणार, साधा हिशोब. पोटऱ्या, मांडीची खालची बाजू, कोपर, सगळं खाली ओढलं. उतरून मागे गेलो, डोळे किलकिले करून बघितलं. तू टांगलेली. दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखी. पुन्हा पांढरं मारलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. पुन्हा पायजमा.

एक गोष्ट सुधारली मात्र. फोटोत तुझी वेणी डोक्याच्या वर उभी आहे, कुणी शेंडी धरून उचलल्यासारखी. इतकी वर्षं बघून कधी खटकली नाही, पण भिंतीवर एवढी मोठी झाली तेव्हा फार विचित्र दिसायला लागली. ती मी खाली आणून पाठीवर सोडली. आता बरी दिसतेस. आभार मानलेस तरी चालेल.

आणि एक विचारायचंय. बाबांनी या फोटोची खालची पट्टी कापली आहे. बाकी सगळ्या फोटोंत जमीन आहे, तुझ्यात नाही. तू किती उंच होतीस? जमीन कुठे होती? ते कळलं तर कदाचित तू सुटशील.

डबा तसाच परत घरी नेतो. आई म्हणते, "भिंत रंगवतोयस की भिंतीवर डोकं आपटतोयस?"

दादा

१६ फेब्रुवारी

बेडके,

आलं तुझं पत्र. पाकीट एवढं मोठं आणि आत एवढासा मजकूर: "दादा, वेणी जिथे होती तिथे ने. नाहीतर मला काढू नकोस."

बास? इतक्या वर्षांनी भावाला लिहायचं आणि ते वेणीबद्दल? आधी मी ते पत्र चुरगळलं. मग सरळ केलं. मग आईला दाखवलं. तिनं ते वाचलं आणि कपाटात साबण शोधायला लागली. साबण नळावरच होता.

मग म्हटलं, जाऊ दे, हट्टी आहे, ऐकू या. वेणी वर नेली, जशी फोटोत आहे तशी, चौकोनाला चौकोन. आणि वेणी वर गेल्याबरोबर बाकीचं सगळं खोटं दिसायला लागलं. वेणी एक सांगतेय, पुसलेल्या कडा दुसरंच. डोकं उठलं माझं. ब्रश डब्यात टाकून बाहेर आलो.

संकुलाच्या मागे वाळूचा नवा खड्डा केलाय. तिथे मुली लांब उडीचा सराव करत होत्या. मी कठड्यावर बसलो, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. पहिली आली, धावली, फळीवर पाय मारला, वर गेली. तिची वेणी पाठीवर चिकटलेली. मग ती उतरायला लागली आणि वेणी वर उभी राहिली. दुसरी आली. वर जाताना वेणी पाठीला, खाली येताना वेणी आभाळाला. तिसरीला शेपटी होती, तीही तशीच. मी हात चोळत बसलो होतो, हातावरचा सुकलेला काळा रंग मांडीवर पडत होता.

आणि मग आणखी एक दिसलं, आणि मला तिथून उठावंसं वाटलं. एकही मुलगी इकडेतिकडे बघत नव्हती. एकही नाही. सगळ्यांच्या नजरा समोर. उतरताना दोन्ही पाय जोडून पुढे.

मी आत गेलो. तुझ्या खालच्या सगळ्या कडा धारदार केल्या आणि वरच्या पुसल्या. खांदे, डोकं, पसरलेले हात, सगळं वर ओढलं. फडकं दंडावरून वर नेलं आणि तू निघालीस, बेडके. पहिल्यांदाच हललीस. पण उडत नव्हतीस. एक पाय पुढे, दुसरा आत वळलेला, मान भलतीकडे. ज्याला मी हसू म्हणत होतो ते हसू नाही. तोंड उघडं आहे, एवढंच.

 खाली उतरून फरशीवर बसलो.

ही कधीची उडी आहे? सरावात पडलीस असं मला सांगितलं होतं. मी तेव्हा परगावी चित्रं शिकत होतो. सुट्टीला आलो तेव्हा तुझा पाय प्लास्टरमध्ये आणि फोटो भिंतीवर होता. दोन्ही एकदमच पाहिले, आणि कधी जोडून बघितले नाहीत.

दादा

१८ फेब्रुवारी

बेडके,

तू सांगणार नाहीस हे ओळखून मी आईला धरलं. ती वाटाणे सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, "आई, त्या फोटोत ती खाली येतेय. वर जात नाहीये."

ती म्हणाली, "असेल."

"आणि ती कुणाकडे बघतेय?"

"कॅमेऱ्याकडे. सगळ्यांना माहीत आहे."

"उडी मारताना कुणी बघतं कॅमेऱ्याकडे?"

ती सोलत राहिली. दाणे सालीत टाकत होती आणि सालं भांड्यात. मग म्हणाली, "हाक मारली त्यांनी."

त्यानंतर तिला थांबवता येईना. स्पर्धेतलीच होती ती उडी, सरावातली नव्हे. बाबा खड्ड्याच्या कडेला कॅमेरा घेऊन बसलेले. मैदानावर खेळाडूला हाक मारायची नाही हा त्यांचाच नियम. दुसऱ्या कुणी मारली तर अंगावर धावून जायचे. पण तू होतीस. घरी प्रत्येक फोटोला जे म्हणायचे तेच तोंडातून गेलं: "बाळ, इकडे बघ!" आणि तू बघितलंस. "लहानपणापासूनची सवय ना तिला," आई म्हणाली. "त्यांनी इकडे बघ म्हटलं की ती बघायचीच. ताप असला तरी बघायची."

मी विचारलं, मग तो फोटो घरात लावला कशाला? फाडला का नाही?

"मी म्हटलं होतं रे काढा म्हणून. ते म्हणाले, पायाचं व्हायचं ते झालं, निदान उडी तरी राहू दे. खालचं कापलं आणि लावला. मग बक्षीस मिळालं. मग कोण काढणार?" आणि मग हळू आवाजात: "ती त्याच्याखालीच बसून जेवायची. पाठ करून. मला कळायचं. मी तिची खुर्चीसुद्धा नाही बदलली."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. आई वाटाण्यांवर पदर टाकून रडली आणि मग मलाच म्हणाली, चहा करू का.

बाबांवर राग येतो. ते समोर नाहीत म्हणून जास्त येतो. तुझ्यावरही येतो. मला का नाही सांगितलंस? मी काय त्यांची बाजू घेतली असती? हे लिहिलं आणि हात थांबला. घेतली असती. तेव्हा घेतलीच असती. माझ्या लेखी बाबा म्हणजे देव होते आणि तू म्हणजे चिडकी बेडकी.

फोटो काढलाय भिंतीवरून. तिथे रंग वेगळा आहे, चौकोनभर स्वच्छ. आई त्यावर कॅलेंडर लावायचं म्हणते. मी म्हटलं, राहू दे काही दिवस तसंच.

आता भिंतीचं काय ते तू सांग. १ मार्चला उद्घाटन आहे. तू नको म्हणालीस तर मी मधला भाग पांढरा करतो. चार खेळाडू बसतील तिथे, कुणाला चुकल्याचुकल्यासारखं वाटणार नाही. मला वाटेल, पण तो माझा प्रश्न. पुसायचं की ठेवायचं एवढंच कळव. तुझ्या मनाविरुद्ध तुला दुसऱ्यांदा भिंतीवर टांगणार नाही.

दादा

२५ फेब्रुवारी

बेडके,

कळवत नाहीस. ठीक आहे. मी तुझी मागची ओळ पुन्हा वाचली. 'वेणी जिथे होती तिथे ने, नाहीतर काढू नकोस.' वेणी जिथे होती तिथे आहे. म्हणजे काढलेलं चालेल, असा अर्थ मी घेतोय. चुकत असेन तर शिव्या घाल, पण घाल तरी.

सचिवसाहेब आज बघायला आले. संकुलाच्या समितीचे सचिव, स्वभावानं वाईट नाहीत, पण प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात. धावणाऱ्यावर खूश, कुस्तीगिरावर खूश. तुझ्यासमोर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "या बाई पडतायत का हो?"

म्हटलं, "पडतायत."

"अहो, उद्घाटन संकुलाचं आहे, हाडांच्या दवाखान्याचं नाही. तुमच्या वडिलांच्या फोटोत तर छान उडत होत्या!"

"फोटोतही पडतच होत्या. आपल्याला दिसत नव्हतं."

ते दोन पावलं मागे गेले. मग म्हणाले, "थोडं वर न्या ना यांना. एक हातभर. कुणाला कळणार आहे?"

मला एरवी अशा वेळी तोंडावर ताबा राहत नाही, तुला माहीत आहेच. आज मी शांतपणे सांगितलं की ही माझी बहीण आहे, आणि ती जिथे होती तिथेच राहील. नाहीतर पाचही पुसून निघून जातो, दुसरा रंगारी बघा. त्यांनी घसा खाकरला, पण बोलले काही नाहीत. जाता जाता दारातून वळून एकदा तुझ्याकडे बघितलं आणि आपला गुडघा चोळला. म्हातारपणाचा असेल त्यांचा, पण मला बरं वाटलं.

आता एकच गोष्ट अडलीय. जमीन. बाकी चौघांच्या खाली मी एक जाड काळी रेघ मारली आहे. तुझ्या खाली नाही. कापलेली पट्टी घरात कुठेच नाही. कपाटं उपसली, माळा उपसला, आईची बोलणी खाल्ली. अंदाजानं रेघ मारायला हात धजत नाही. फूटभर खाली मारली तर तुला सावरायला वेळ होता असं दिसेल. जवळ मारली तर वेळच नव्हता असं. दोन्हीपैकी खरं काय ते बाबांना माहीत होतं आणि तुला माहीत आहे.

रोज सकाळी ब्रश भिजवतो, त्या जागेपुढे उभा राहतो आणि ब्रश धुऊन ठेवतो. काळ्या रंगाचा डबा तिथेच असतो. झाकण सैल ठेवतो, घट्ट बसलं तर उघडत नाही.

दादा

२८ फेब्रुवारी

प्रिय बेडके,

यावेळी खोडलेलं नाही, बघ.

आज सकाळी संकुलावर पोचलो तर पहारेकरी फाटकातच उभा. म्हणाला, "साहेब, एक ताई आल्या होत्या. मी म्हटलं आत जायला मनाई आहे. त्या म्हणाल्या, मी भिंतीवरची आहे."

"मग?"

"मग मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा हॉलच्या दारातून भिंतीकडे बघितलं. आणि सोडलं. मी तरी काय करणार, साहेब? पाय ओढत चालत होत्या. बसायला खुर्ची दिली, पण बसल्या नाहीत."

मी आत धावलो. डब्याचं झाकण जमिनीवर, ब्रश त्याच्यावर आडवा. आणि तुझ्याखाली रेघ.

सरळ नाही. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, मध्ये एक ओघळ आलाय. चित्रकाराच्या हाताची नाही हे कुणीही सांगेल. तुझ्या टाचेपासून ती माझ्या पंजाएवढीसुद्धा दूर नाही. मी हात लावून बघितला. करंगळी बाहेर राहिली आणि तळव्याला ओला रंग लागला.

एवढंच राहिलं होतं, बेडके? मी इतकी वर्षं त्या फोटोखाली केवढी हवा बघत होतो. तू जवळजवळ पोचली होतीस. बाबा एक श्वास थांबले असते, तुझे पाय वाळूला लागू दिले असते आणि मग म्हणाले असते ना, बाळ, इकडे बघ, तर तू वाळूत बसल्या बसल्या बघितलं असतंस. तोंडभर हसली असतीस. फोटो साधाच आला असता. बक्षीस मिळालं नसतं. तू घरी असतीस.

मी रडलो. इलेक्ट्रिशियन आला होता, तो दिव्याकडे बघत राहिला. त्याचं भलं होवो.

मग सुचलं की रंग ओला आहे, म्हणजे तू लांब गेली नसशील. तसाच पळत सुटलो, हात काळा, पायात रंगाच्या चपला. पहारेकरी मागून ओरडला, "बसस्टॉपकडे!" फाटकातून रस्त्यावर आलो आणि तू दिसलीस. पाठमोरी. केस आता आखूड आहेत तुझे, वेणी नाही, तरी ओळखलं. बस उभी होती आणि तू चढत होतीस. पायरी उंच होती. चांगला पाय वर ठेवलास, दांडा धरलास, आणि दुसरा पाय हातानं उचलून घ्यायला लागलीस.

हाक माझ्या तोंडात आली होती. खरंच सांगतो, अगदी ओठांवर. मी तोंडावर हात दाबून धरला, तोच काळा हात. आईनं नंतर माझं तोंड बघून विचारलं, कोळसे खाल्लेस का. तू अजून एका पायावर होतीस. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागचे लोक घाई करत होते आणि मी रस्त्याच्या या बाजूला नुसता उभा होतो. बस सुटली तर सुटली, असं म्हणत.

तुझा दुसरा पाय पायरीवर टेकला. मग तू आत गेलीस, दोन्ही पायांवर, नीट.

तेव्हा मी हाक मारली.

आणि तू वळून बघितलंस. खिडकीतून, माझ्याकडे. फोटो काढायला तिथे कुणी नव्हतं, ते एक बरं झालं.

तुझा
दादा